मदत हवी आहे: बीपी शिबिराचा आधी-नंतरचा फरक कसा दाखवायचा? (अर्जंट)

कृष्णाकाठचा_पव्या
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळानं पलूस तालुक्यात एका गावात बीपी-शुगरचा उपक्रम चालवला. शिबिर, सकाळचं चालणं, महिला बचत गटात मिठावर बोलणं, सगळं झालं. पैसे एका कंपनीच्या सीएसआरचे, म्हणजे समाजकार्याच्या निधीतले. आता त्यांना सोमवारी 'इम्पॅक्ट' पाहिजे. एक्सेलमध्ये आधीचं आणि नंतरचं बीपी आहे, सरासरी चांगलीच खाली आलीय. कुठली टेस्ट लावायची एवढंच सांगा. दोन सरासरींतला फरक तपासतात ती टी टेस्ट चालेल ना? लेक्चर नको, वेळ नाही.

आकडेमोड
किती माणसं? मध्ये किती महिने गेले? दोन्ही वेळा तीच माणसं का? मशीन तेच का? हे न सांगता टेस्ट विचारणं म्हणजे पेशंट घरी ठेवून गोळी मागणं.

भडंग_स्पेशल
टेस्ट-बिस्ट सोडा ओ. गावाला रोज उपाशीपोटी दुधीचा रस चालू करा. आमच्या मामांची गोळी सुटली.

मिरजेचा_डॉक्टर
मामांची गोळी कुणी सोडवली ते विचारून घ्या. आणि कडू लागलेला दुधीचा रस चुकूनही पिऊ नका, त्यानं माणसं दगावली आहेत. असले सल्ले इथं देऊ नका.

कृष्णाकाठचा_पव्या
रस नकोय राव मला. सांगतो. पहिलं शिबिर जानेवारीत, शेदीडशे माणसं. दुसरं मे महिन्यात, कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊस हंगाम संपल्यावर, कारण त्याआधी कुणी रानातून येत नाही. दुसऱ्यांदा सगळ्यांना बोलावलं नाही, ज्यांचं 140/90 च्या वर आलं होतं त्यांनाच. त्यातले निम्म्याहून जरा जास्त आले. झालं? आता टेस्ट सांगा.

आकडेमोड
झालं म्हणजे, इथंच सगळं आलं.
बीपी दर तासाला हलतं. शिबिराच्या दिवशी ज्यांचं वर आलं त्यांत काही खरे बीपीवाले असतात, काही त्या दिवसापुरते चढलेले. कुणी उसाच्या फडातून धावत आलेलं, कुणी घरात भांडून. फक्त वरचेच निवडले आणि परत मोजले तर दुसऱ्या प्रकारातले काहीही न करता खाली येतात. तुम्ही शिबिरात नुसता चहा पाजला असता तरी सरासरी उतरली असती. दुसरं म्हणजे जानेवारी आणि मे. थंडीत बीपी चढतं, उन्हाळ्यात उतरतं. आणि तिसरं, जे आलेच नाहीत ते कोण? टी टेस्ट लावलीत तर आकडा झकास येईल, पण उपक्रमामुळं बीपी उतरलं हे त्यातून सिद्ध होणार नाही.

कृष्णाकाठचा_पव्या
म्हणजे सगळं पाण्यात? बायका खरंच मीठ कमी करतायत. मी डोळ्यांनी बघितलंय, खर्ड्यात सुद्धा.

मिरजेचा_डॉक्टर
पव्या, मोजलं कुणी आणि कसं ते सांग. मी असली शिबिरं बघितली आहेत. शाळेच्या व्हरांड्यात रांग, माणूस उभ्यानंच हात पुढं करतो, हात लोंबकळतोय, पट्टा शर्टाच्या बाहीवर, आणि मोजणारा पोरगा विचारतोय "मामा, ऊस गेला का?" बोलताना बीपी वाढतं, हात लोंबला तरी वाढतं, जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी वाढतं. पाच मिनिटं टेकून बसवायचं, हात हृदयाच्या पातळीला टेबलावर, दोनदा मोजायचं. अर्धा तास आधी चहा नको, तंबाखू नको. आपल्याकडं बायका मिश्री लावूनच घराबाहेर पडतात, ते कुणी विचारलं का?

कृष्णाकाठचा_पव्या
मोजायला कॉलेजची पोरं होती. मिश्रीचं नाही विचारलं. आकडेमोड, मग काय करायला हवं होतं ते तरी सांगा.

आकडेमोड
शेजारचं तसलंच एक गाव घ्यायचं. तिथंही त्याच महिन्यांत, त्याच पद्धतीनं मोजायचं आणि उपक्रम पुढच्या वर्षी द्यायचा. फिनलंडमध्ये 1972 ला नॉर्थ करेलियात हृदयरोगाचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा शेजारचा कुओपिओ प्रांत तुलनेला धरला होता. तरी वाद झालेच, कारण आजार दोन्हीकडं उतरत होता. पण निदान वाद घालायला काहीतरी होतं.

मिरजेचा_डॉक्टर
म्हणजे शेजारच्या गावात 180 बीपी सापडलं तर "पुढच्या वर्षी या" म्हणायचं? माणसं आहेत ती, आकडे नाहीत.

आकडेमोड
असं कोण म्हणालं? सापडला की दवाखान्यात पाठवायचाच, दोन्ही गावांत. थांबवायचं ते फक्त भजी-पापडावरचं प्रबोधन.

भडंग_स्पेशल
मिठावरून आठवलं, ते कमी सोडियमचं मीठ मिळतंय बघा. भाषणापेक्षा तेच पुडे वाटा. चीनमध्ये झालंय.

आकडेमोड
पहिल्यांदाच कामाचं बोललात. 600 गावं होती, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना वेगळं मीठ, निम्म्यांना नेहमीचं. 2021 ला निकाल आला, पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी. चिठ्ठी माणसांची नव्हे, गावांची, हे लक्षात घ्या. एका घरात दोन मिठं कशी चालतील?

मिरजेचा_डॉक्टर
त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा गंभीर आजार असलेल्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. बीपीच्या काही गोळ्यांबरोबरही पोटॅशियम वाढतं. सरसकट पुडे वाटू नका.

भडंग_स्पेशल
तुम्हाला काहीच चालत नाही डॉक्टर.

कोरेगावची_गटप्रवर्तक
सगळं वाचलं. पव्यादादा, सातारा जिल्हा बीपी नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात सुरुवातीपासून आहे, तिकडं कसं मोजतात ते सांगते. सरासरी कुणी विचारत नाही. नोंदवलेले पेशंट किती, आणि त्यातले किती जण मागच्या तिमाहीच्या शेवटच्या भेटीत 140/90 च्या खाली होते, एवढंच. जो आलाच नाही तो वगळायचा नाही, तो छेदात राहतो. तुमचे न आलेले असे धरा म्हणजे खरं चित्र दिसेल.
दुसरं, 30 वर्षांवरच्यांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका बघायचा कागद, आशांनी भरलेला असतो. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला आजार, सगळं त्यात आहे. चारच्या वर गुण गेले की तपासणीला आधी बोलवायचं. तुम्ही परत कागद कशाला रंगवले? गावच्या आशाताईंना विचारलं होतं का?

कृष्णाकाठचा_पव्या
नव्हतं विचारलं. पण ताई, सोमवारी काय लिहू?

कोरेगावची_गटप्रवर्तक
जे झालं ते लिहा. इतक्यांना तपासलं, इतक्यांचं वाढलेलं निघालं, इतके परत आले, इतके गोळीवर आहेत. "बीपी कमी केलं" असं लिहू नका.

आकडेमोड
आणि पुढच्या जानेवारीत पहिल्या शिबिरातल्या सगळ्यांना परत मोजणार असं लिहा, ज्यांचं वाढलेलं निघालं नव्हतं त्यांच्यासकट. पैसे त्यासाठी मागा. टेस्टचं विचारलं होतंत म्हणून: जोडीची टी टेस्ट, एक्सेलमध्ये प्रकार 1. पण ती अहवालात टाकू नका.

कृष्णाकाठचा_पव्या
कंपनीच्या साहेबांना फोन लावला. म्हणाले, आलेख पाहिजेच, आणि फोटो जास्त टाका.

भडंग_स्पेशल
बघा. रसाचा फोटो चांगला आला असता.

कोरेगावची_गटप्रवर्तक
फोटो राहू द्या. ज्यांचं 160 च्या वर होतं त्यांची नावं सिस्टरकडं दिलीत का?

कृष्णाकाठचा_पव्या
त्यांना तोंडी सांगितलं होतं दाखवून घ्या म्हणून. यादी माझ्या लॅपटॉपवर आहे. उद्या उपकेंद्रात देतो.

कोरेगावची_गटप्रवर्तक
उद्या लसीकरणाचा दिवस असेल तर सिस्टर अंगणवाडीत असतील. आधी फोन करा, आणि यादीत घर कुठल्या गल्लीत ते लिहा. नुसत्या नावावरून आशाला घर सापडत नाही, एका आडनावाची अर्धी आळी असते.