टायरचं वय बघा, नुसती नक्षी नको

परराज्यातून जुनी गाडी घेऊन चालवत आणायची तर टायरची नक्षी खोल आहे ना एवढं बघितलं की पुरे, असं बरेच जण सांगतात. मला नाही पटत. कमी चाललेल्या गाडीची नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर कडक होऊन बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१५ म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. स्टेपनीवरचेही वाचा. मी नाही वाचले. पंक्चर झाल्यावर कळलं, स्टेपनी गाडीइतकीच म्हातारी!

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका; थंड इंजिन कसं सुरू होतं ते आपल्यासमोर दिसायला हवं. गेल्यावर बॉनेटला हात लावायचा. गरम लागलं तर का, ते विचारायचं. चासी नंबर कागदाशी स्वतः ताडा, विमा लागू झाल्याशिवाय किल्ली फिरवू नका.

निघाल्यावर पन्नासेक किलोमीटरवर थांबून गाडीखाली वाकून बघा, काही गळतंय का. कूलंटचं झाकण मात्र गरम इंजिनावर उघडायचं नाही.

आणि हो, परतीचं तिकीट काढूनच जा, रद्द करता येणारं. नाहीतर इतक्या लांब आलोच आहोत म्हणून न आवडलेली गाडीही गळ्यात पडते.