मदत हवी आहे: हैदराबादेत एक मोकळा शनिवार, मित्र गच्चीबावलीत

सकाळी ८ ला सिकंदराबाद, रात्री १० ची परतीची गाडीही तिथूनच. शुक्रवार मुद्दाम टाळलाय, कारण सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला राजवाडा दोन्ही तेव्हा बंद असतात. बॅग क्लोकरूममध्ये (कुलूप हवंच, नाहीतर घेत नाहीत), मग सिकंदराबाद वेस्टहून हिरव्या मेट्रोने थेट एमजीबीएस (महात्मा गांधी बस स्थानक), पुढे रिक्षाने चारमिनार, चौमहल्ला.

अडतंय दुपारी. गोवळकोंडा गच्चीबावलीच्या वाटेवरच आहे, पण किल्ल्याच्या माथ्यावरच्या बाला हिसारच्या साडेतीनशेहून जास्त पायऱ्या भर उन्हात? त्यापेक्षा सालारजंग करून किल्ला सोडावा का? चारमिनारहून किल्ल्यापर्यंत शनिवारी दुपारी रिक्षाला खरा वेळ किती लागतो? मित्रांकडून रायदुर्ग ते सिकंदराबाद ईस्ट निळी मेट्रो थेट आहे. ८ ला निघालं तर पुरेल ना?