लेकीच्या साक्षगंधाला पेटीतली जुनी ताटं-पेले काढले आहेत, टेबलावर कोणते ठेवू?

आर्वीची माई

नमस्कार मंडळी. येत्या वैशाखात लेकीचं साक्षगंध आहे. व्याह्यांकडची चौदा माणसं दुपारी जेवायला येणार. कॅटरर नको, थर्माकोलच्या पत्रावळ्या नकोत, घरच्याच भांड्यांत वाढायचं असं लेकीनं आणि मी ठरवलंय. व्याही वयस्क आहेत, गुडघ्यांनी खाली बसवत नाही, म्हणून पंगत टेबलावर.

परवा माडीवरची सागवानी पेटी उघडली. निघालं ते असं: काशाची नऊ ताटं, खोलगट पितळ्या सहा, पितळेची फुलपात्रं अकरा, तांब्याचे दोन गडवे, दोघींनी मिळून उचलावी एवढी मोठी परात म्हणजे एक कोपर, काचेचा एक जड जग, आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेले उंच पायाचे पाच पेले. आजेसासरे हिंगणघाटला कापसाच्या एका जिनात मुकादम होते. साहेबाचा बंगला रिकामा झाला तेव्हा लिलावात हे पेले घेतले, असं सासूबाई सांगायच्या. प्रत्येकाच्या तळाला ई, पी, एन, एस अशी चार इंग्रजी अक्षरं आहेत. बाहेरून काळे पडलेत, आणि काठाजवळ नि आतून पिवळसर धातू डोकावतो.

एक ताट घेऊन मी अंगणात उन्हाला बसले होते. मागच्या बाजूला टिंबाटिंबांनी नाव घातलंय आणि खाली 'शके १८५३'. टिंबं बोटाला लागतात. काठाची एकच जागा इतकी झिजलीय की तिथं कड बोथट झाली. रोज त्याच जागी धरून ते ताट उचललं असणार. ते हातात असताना मला वाटलं, हे पेटीत ठेवायची वस्तू नाही, यावर जेवलं पाहिजे.

आता अडचण. ताटं नऊ, माणसं चौदा. उरलेली विकत आणायची हिंमत होत नाही. मागच्या वर्षी नागपुरात एका दुकानातून 'शंभर वर्षं जुने' म्हणून सहा पितळी पेले घेतले, सहाशेला एक. महिनाभरात चिंचेनं घासले तर वरचा काळपटपणा सगळा निघून गेला आणि खाली कोरं पिवळंधमक पितळ. उन्हाळ्यात त्यात सकाळी पन्हं भरून ठेवलं आणि दुपारी भाच्याला दिलं. एक घोट घेऊन त्यानं पेला खाली ठेवला. कळकलं होतं. पैसे गेल्याचं वाईट वाटलंच, पण लेकराच्या तोंडी आपण काय दिलं, याचं जास्त वाटलं.

म्हणून विचारून राहिले. यातलं जेवायला-प्यायला काय चालेल, नुसतं शोभेला काय ठेवू, आणि कमी पडतात ती कशी निवडून घेऊ? पन्हं, कढी, आंब्याचा रस आणि पाटवडीचा रस्सा असं सगळं आंबट-तिखट आहे.

---

पैनगंगाकाठ

माई, फुलपात्रांना आधी कल्हई, म्हणजे आतून कथिलाचा थर, करून घ्या, बाकीचं नंतर. आमच्याकडे आता कल्हईवाला वर्षातून एकदा यात्रेत दिसतो. तुमच्याकडे आठवडी बाजारात चौकशी करा, मिळाला तर त्याच दिवशी घरी बोलवा. लग्नसराईत हाती लागत नाही.

---

कासाराची लेक, भंडारा

माई, माझे बाबा भंडाऱ्याला भांडी ठोकायचे. घराच्या पुढच्या खोलीत दिवसभर हातोडीचा आवाज असायचा, आम्ही भावंडं त्या आवाजात अभ्यास केला. त्यामुळे तुमची पोस्ट दोनदा वाचली.

पहिलं, दुकानात जाऊ नका. शंभर वर्षांचा आकडा दुकानदार उगाच सांगत नाहीत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तू पुरावस्तू ठरायला निदान शंभर वर्षं लागतात, हस्तलिखितांना पंचाहत्तर. तो आकडा मग कशालाही चिकटवतात. जेवणाचं भांडं वयावर निवडायचं नसतं. त्याचा काठ, त्याची आतली बाजू आणि त्याचा आवाज, एवढंच बघायचं.

तुमच्या काशाच्या ताटावर मात्र वय लिहिलेलंच आहे. शकात ७८ मिळवा, १९३१ येतं. टिंबांची अक्षरं म्हणजे पोगर, छोटी टोकदार छिन्नी, ठोकून हातानं नाव घातलंय. मशीननं कोरलेली अक्षरं सरळ रेघेत, एकसारखी येतात. हाताच्या टिंबांत कुठं खोल, कुठं उथळ असा फरक राहतोच.

आता परीक्षा. ताट तीन बोटांवर मधोमध तोला आणि काठाला नखानं टिचकी मारा. चांगलं कासं देवळातल्या घंटेसारखं लांब वाजतं, थांबता थांबत नाही. आवाज बद्द आला तर बारीक तडा आहे असं समजा, डोळ्याला दिसो न दिसो. असं ताट वाढायला घेऊ नका. काशात तांबं साधारण ७८ भाग आणि कथील २२ भाग. इतकं कथील असल्यानं नाद येतो, आणि त्यामुळेच ते ठिसूळही असतं. पितळेचा गडवा पडला तर पोचा येतो, काशाचं ताट पडलं तर फुटतं. बाबा कासं कधी दुसऱ्याच्या हातात देत नसत. खाली ठेवायचे, मग समोरच्यानं उचलायचं.

काशाला कल्हई लागत नाही. जेवणापुरती कढी-रस्सा चालतो, पण वाटीत द्या, आणि आंबट कालवण त्यात तासन्तास ठेवू नका.

पितळ्या आणि फुलपात्रं उलटी करून नाही, आतून बघा. आत पांढरट, दुधाळ चकाकी असली तर कल्हई आहे. पिवळं दिसलं तर गेली. तुमच्या भाच्याच्या पन्ह्याचं तेच झालं, कैरीच्या आंबटानं पितळ सुटलं. कल्हईवाला समोर बसवा. भांडं कोळशावर तापवतो, नवसागराची चिमूट टाकतो, पांढरा धूर निघतो, मग कथिलाची कांडी टेकवून कापसानं आत झरकन फिरवतो. गार झाल्यावर पांढऱ्या कापडानं आतून घासून बघा. कापडावर करडी-काळी रेघ उमटत राहिली तर कथिलात शिसं मिसळलं असण्याची शंका धरा. त्याला स्पष्ट सांगा आणि भांडं परत करायला लावा, यात भीड धरू नका. कल्हईचं रिकामं भांडं नंतर गॅसवर ठेवू नका, कथील २३२ अंशांना वितळतं.

त्या सहा पेल्यांत तुम्हाला जुनं म्हणून फसवलं, ते ओळखायचं असं. आत बोट फिरवून उजेडाकडे धरा. बारीक, एकसारखी गोल-गोल वलयं दिसली तर ते मशीनवर फिरवून काढलेलं आहे. हातानं ठोकलेल्या भांड्यावर हातोडीचे ठसे असतात आणि दोन ठसे कधी सारखे नसतात. जुना गडवा आतून नीट बघा, पोटाजवळ करवतीच्या दातांसारखा सांधा दिसेल, दोन तुकडे एकमेकांत अडकवून झाळलेले. आणि घासल्यावर काळेपणा सगळीकडून एकदम निघाला तर तो रंग लावलेला होता. वापरानं आलेला काळेपणा खोबणीत, कानाखाली, पायाच्या सांध्यात राहतो. हात लागतो तिथला आधीच गेलेला असतो, तुमच्या ताटाच्या काठासारखा.

ते सहा पेले टाकू नका हं, पितळ चांगलं असेल तर कल्हई केल्यावर पाण्याला चालतील.

आणि चौदाचं गणित मला अडचण वाटत नाही. सात-सात जणांच्या दोन पंगती करा. आधी व्याही आणि वडीलधारे, मग बाकीचे. मधे ताटं घासायला एक माणूस ठेवा. नऊ ताटं असताना पाच खोटी आणून त्यांच्या बाजूला मांडायची कशाला?

---

खामगावचा सोनार

माई, पेल्यांचं मी सांगतो, आमचं चांदीचं काम आहे. ई.पी.एन.एस. म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेनं चढवलेला चांदीचा मुलामा. ज्याला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो ते हेच निकेल सिल्व्हर, तांबं, जस्त आणि निकेल, त्यात चांदीचा कणही नसतो. ही विजेची पद्धत बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननं १८४० मध्ये पेटंट केली, तेव्हापासून साहेबांच्या टेबलावर अशी भांडी भरभरून आली. अस्सल इंग्रजी चांदीवर चालत्या सिंहाचा ठसा असतो, या अक्षरांवर तो मिळणार नाही. म्हणून चांदीच्या भावानं ते मोजू नका, आणि कोणी तशा भावानं मागितलं तर देऊन टाकायची घाईही करू नका. ती तुमच्या घरची गोष्ट आहे.

चिंच, राख, पितळेची पावडर काही लावू नका. मुलामा केसाएवढाही जाड नसतो, दोनदा घासला की गेला. पातेल्याच्या तळाला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरा, पेले तिला टेकतील असे ठेवा, वरून कढत पाणी आणि मूठभर खायचा सोडा. काळेपणा म्हणजे चांदी आणि गंधक यांचं मीठ आहे, त्यातलं गंधक अ‍ॅल्युमिनियम ओढून घेतं आणि चांदी जागेवर राहते. थोडा कुबट वास येईल, घाबरू नका. मऊ सुती कापडानं टिपून घ्या.

आतून पिवळं दिसतंय म्हणता, तर नीट बघा. झिजलेल्या जागीच पिवळसर-करडं असेल तर मुलामा गेलाय. सगळ्या आतल्या बाजूला सारखं सोनेरी असेल तर तो सोन्याचा मुलामा असू शकतो, आंबट पेयासाठी आतून तसा देत असत. मुलामा गेला असेल तर फक्त गार पाणी, तेही वाढताना ओतायचं. पन्हं अजिबात नाही.

---

अकोल्याहून

जड जगाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, कॉलेजच्या रसायनाच्या लॅबमध्ये नोकरी केली. काठाला टिचकी मारल्यावर लांब वाजला, नक्षीच्या कडा बोटाला धारदार लागल्या आणि आकाराच्या मानानं फार जड असला तर ती शिशाची काच. उत्तम प्रतीच्या क्रिस्टलमध्ये शिशाचं ऑक्साइड २४ टक्के किंवा जास्त असतं. पाणी ओतून लगेच वाढायला हरकत नाही, पण लिंबू सरबत किंवा पन्हं त्यात भरून ठेवू नका, आंबटात शिसं उतरतं. बाजूनं उभी पुसटशी शिवण आणि नक्षीच्या कडा गोलसर असल्या तर ती साच्यात दाबून काढलेली काच. तिच्यात शिसं नसतं असं शिवणीवरून सांगता येत नाही, म्हणून वजन आणि नाद दोन्ही बघाच.

---

आर्वीची माई

सगळ्यांचे आभार. ताई, काल दुपारी तुम्ही सांगितलं तसं केलं. लेक ताट तीन बोटांवर धरून राहिली, मी टिचकी मारत गेले. पहिली तीन इतकी वाजली की शेजारची वहिनी कुठल्या पूजेची घंटा म्हणून बघायला आली. सहावं बद्द वाजलं. आम्हाला वाटलं बोट काठाला लागलं असेल, म्हणून पुन्हा मारली, तिसऱ्यांदा मारली. मग उन्हाकडे तिरपं धरलं तर काठापासून आत दोन बोटं, केसासारखी रेघ. नाव घातलेलं नाही ते, दुसरं होतं, याचं बरं वाटलं. ते बाजूला ठेवलंय, त्यात फुलं मांडीन. राहिली आठ, म्हणजे सात-सातच्या दोन पंगती होतात आणि एक हाताशी राहतं.

सोनारदादा, पेल्यांचा काळेपणा गेला. पाचपैकी तिघांच्या आत फक्त तळाला पिवळं आहे, म्हणजे मुलामा झिजलाय. दोघांच्या आत मात्र काठापर्यंत एकसारखं सोनेरी निघालं. ते दोन व्याही आणि व्याहीणबाईंपुढे ठेवीन, पण पाणीच देईन. पन्हं साध्या काचेच्या ग्लासात. जग जड आहे आणि खूप वाजतो, म्हणून तोही पाण्यालाच.

कल्हईवाला गुरुवारच्या बाजारात भेटला, सोमवारी घरी येतो म्हणाला. अकरा फुलपात्रं, सहा पितळ्या, आणि ते नागपूरचे सहा पेलेही त्याच्यापुढे ठेवणार आहे. पांढरं कापड धुऊन वाळत घातलंय.