प्रतिसाद: आकृतीत द्रव, मग कपडे वाळतात कसे?

वर विचारलंय की ३० अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाब हा बिंदू पाण्याच्या फेज डायग्रामवर (कोणत्या तापमानाला आणि दाबाला पदार्थ घन, द्रव की वायू असतो हे दाखवणाऱ्या आकृतीवर) सरळ द्रव भागात पडतो, मग दोरीवरचं पाणी उडून कसं जातं? प्रश्न झकास आहे. क्लासमध्ये आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आकृती शुद्ध पाण्याची असते, हवा तिच्यात नाहीच. त्यामुळे उघड्यावर उभ्या अक्षावर हवेचा एकूण दाब न घेता बाष्पाचा स्वतःचा दाब घ्या. ३० अंशांना द्रव-वायू रेषा साधारण ४.२ किलोपास्कलवर आहे. आर्द्रता ६० टक्के असेल तर बाष्पदाब जेमतेम २.५, म्हणजे बिंदू रेषेखाली, वायूच्या भागात. कपडे वाळणारच. ठाण्यात जुलैत आर्द्रता ९५ टक्क्यांवर गेली की बिंदू रेषेला चिकटतो आणि जीन्स तीन दिवस गॅलरीत लोंबकळते. (शेवटी पंख्याखालीच.)

कपाटातल्या नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्या घन असूनही हळूहळू हवेत उडून जातात, त्याचंही कारण तेच. नॅफ्थलीन १ वातावरण दाबाला ८० अंशांना चक्क वितळतं, त्यामुळे त्याला कोरड्या बर्फाच्या, म्हणजे घन कार्बन डायऑक्साइडच्या, रांगेत बसवू नका. कार्बन डायऑक्साइडचा त्रिक बिंदूच (जिथे घन, द्रव आणि वायू तिन्ही एकत्र राहतात; त्याखालच्या दाबाला द्रव टिकत नाही) ५.१ वातावरण दाबावर आहे, म्हणून उघड्यावर तो द्रव होतच नाही.

सोसायटीच्या मीटररूममधल्या आग विझवायच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यात मात्र तो द्रव असतो. पण त्याचं क्रांतिक तापमान (ज्याच्या वर कितीही दाबलं तरी वायूचा द्रव होत नाही) ३१ अंश, त्यामुळे मे महिन्यात दुपारी आत द्रव-वायू ही सीमाच उरत नाही!