ज्येष्ठ नेते निवडणुकीच्या तोंडावर का थांबतात?

साताऱ्याचा वाचक: २०१४ आणि २०१९ ला हरल्यावर २०२४ ला सोलापुरात सुशीलकुमार शिंदे थांबले. प्रणिती शिंदे उभ्या राहिल्या, निवडूनही आल्या. वय, पराभवाची धास्ती की घरच्यांसाठी जागा, नेमकं काय असतं? जवळून पाहिलेल्या कुणी सांगावं.

इंदूरकर: आमच्या सुमित्राताई महाजनांचं तिन्हीत बसत नाही. चिपळूणची लेक, इंदूरची सून, १९८९ पासून सलग आठ वेळा खासदार. २०१९ ला भाजपच्या उमेदवारांच्या याद्या येत राहिल्या, इंदूरचं नाव येईना. पंच्याहत्तरीनंतर तिकीट नाही ही पक्षाची अलिखित अट सगळ्यांना ठाऊक होती. शेवटी ५ एप्रिलला त्यांनीच पत्र काढून आपण लढणार नाही असं कळवलं. वाईट वाटलं. इतक्या वर्षांच्या माणसाला आधी घरी जाऊन सांगायला हवं होतं.

सांगोलेकर: आमच्याकडे सांगोल्यात उलट झालं. गणपतराव देशमुख, आमचे आबासाहेब, १९६२ पासून शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे आमदार. १९७२ आणि १९९५ चे पराभव धरूनही अकरा वेळा निवडून आले. २०१९ ला नव्वदी ओलांडलेली, तब्येत साथ देईना, म्हणून थांबले.

माझे वडील हयातभर लाल बावट्याचे. त्यांच्याकडे एक वही आहे. वाडीवस्तीवार घरं, घरापुढे माणसांची नावं, कोण पुण्या-मुंबईला आहे, मतदानाला कोण येईल. आबासाहेबांचे नातू डॉ. अनिकेत उभे राहिले तेव्हा तीच वही घेऊन वडील वस्त्या फिरले. ७६८ मतांनी जागा गेली. त्या रात्री ते जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "ही घरं पक्षाची नव्हती रे, आबासाहेबांची होती."

मला तेव्हापासून वाटतं, नेता का थांबला यापेक्षा थांबायला किती उशीर केला हे विचारा. आबासाहेबांच्या सचोटीबद्दल माझ्या मनात तसूभर शंका नाही. पण आम्हीच त्यांना सोडत नव्हतो. दर पाच वर्षांनी "एवढ्या वेळी तुम्हीच" म्हणायचो. त्यात पन्नाशीतली चांगली माणसं कार्यकर्ते म्हणूनच म्हातारी झाली.

साताऱ्याचा वाचक: आणि २०२४ ला?

सांगोलेकर: दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब, निवडून आले. वडिलांनी वही परत काढली होती. अर्ध्याअधिक घरांपुढची नावं खोडून नवी लिहावी लागली. लिहायला मी बसलो होतो.