चर्चा: ढासळलेला बुरूज नव्याने चढवणं हे 'रिस्टोरेशन' नव्हे

कातळकडा
किल्ल्यावर दरजा (दगडांमधल्या सांध्यांच्या फटी) भरल्या तरी फलकावर 'रिस्टोरेशन', म्हणजे मूळ रूप परत आणणं, अख्खा बुरूज नवा बांधला तरी 'रिस्टोरेशन'. वास्तू-जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं मांडणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचं नववं कलम सांगतं, की अंदाज सुरू होतो तिथे रिस्टोरेशन थांबलं पाहिजे. तळाचे चार-पाच थरच उरले असतील आणि चर्या-जंग्यांचा (माथ्यावरचे कंगोरे आणि मारा करायची भोकं) ना नकाशा ना जुनं छायाचित्र, तर वरचं सगळं नवं बांधकाम आहे. त्याला पुनर्बांधणी म्हणा. उरलेल्या थरांचा माथा चुन्याने, बाहेर उतार देऊन बंद करावा आणि थांबावं.

पाथरवट
थांबून भागत नाही. बुरुजाला बाहेरून घडीव दगडांचं कवच, आत दगडमातीचा भराव. कवच पडलं की सह्याद्रीतला पाऊस थेट भरावात शिरतो, भराव फुगतो आणि शेजारचा धड भागही ढकलून देतो. त्यामुळे निदान भरावाच्या उंचीइतकं कवच चढवावंच लागतं. दगड बहुधा खालच्या उतारावरच सापडतात. ते जागेवरच मोजून, क्रमांक टाकून मग वर घ्यायचे. विखुरलेले मूळ भाग पुन्हा जोडायला सनदेचीही ना नाही.

फांजी
दोघांच्या बोलण्यात दगड सांधायचा मसाला राहिला, आणि कामं तिथेच बिघडतात. सिमेंटने दरजा भरल्या की भरावातलं पाणी बाहेर पडायची वाट बुजते आणि दोन-चार पावसाळ्यांत तटाला पोट सुटतं. कोकणात जांभ्याच्या तटात सिमेंटमधले क्षार दगडात उतरतात, मग दरज शाबूत राहते आणि दगडच झडतो.

भिजवून मुरवलेला चुना १ भाग, वाळू आणि सुरखी (भाजक्या विटांचा भुगा) मिळून ३ भाग. सुरखी वगळू नका, ओलीत चुना धरतो तो तिच्यामुळे. दरज रुंदीच्या निदान दुप्पट खोल उकरा, धुवा, ओली असतानाच भरा. वर ओली गोणपाटं किमान ७ दिवस. उन्हात भसकन वाळलेला चुना बोटाने भुगा होतो. पाणी निघायची मूळ भोकं बुजवू नका. पिंपळ नुसता छाटला तर दुप्पट फुटतो, मूळ मारल्याशिवाय दरजेला हात लावू नये.

आणि संरक्षित किल्ल्यावर यातलं काहीही पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय करू नये, हेतू कितीही चांगला असो.

कातळकडा
भरावाच्या उंचीपर्यंत मान्य, पण नवा दगड जवळून पाहणाऱ्याला ओळखू आला पाहिजे. चर्या मात्र नकोत.

पाथरवट
लगतच्या तटावर चर्या शाबूत असतील तर उंची, जाडी, अंतर सगळं मोजून मिळतं. मग तो अंदाज कसा?

कातळकडा
लगतचा तट त्याच काळातला कशावरून? एकाच किल्ल्यावर बहमनी, आदिलशाही आणि मराठा बांधणी शेजारी-शेजारी असू शकते. आधी दोन्हीकडच्या दगडांची घडण आणि चुना ताडून पाहा. जुळलं तर बोलू.

पाथरवट
ताडून पाहायला हरकत नाही. पण तोवर त्या माथ्यावर पाऊस थेट पडू देऊ नका.