बागेतल्या तळ्याचं पाणी रोज दोन बोटं उतरतंय? कागद फाडण्याआधी काठ बघा

तळ्याचं पाणी रोज का उतरतं या प्रश्नावर वर सगळ्यांनी लायनरला (तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या किंवा रबरी कागदाला) भोक पडल्याचंच निदान केलंय. असेलही, पण आधी बादलीची परीक्षा करा. तळ्यातल्या उथळ पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, आत-बाहेर पातळी सारखी ठेवून खूण करा आणि २४ तासांनी बघा. दोन्हीकडे सारखीच घट असेल तर ते नुसतं बाष्पीभवन. तळं जास्त उतरलं तरच गळती.

त्यातही पहिला संशय काठावर. लायनरच्या कडेवरून माती, गवताची मुळं किंवा गोणपाट पाण्यात लोंबत असेल तर ते वातीसारखं पाणी बाहेर ओढतं. काठाजवळची माती कायम ओली लागते, हीच खूण. उपाय फुकटचा: दगड बाजूला करा, लायनरची कड उभी वळवून मातीच्या वर दोन-तीन सेंमी राहील अशी दगडांमागे अडकवा.

काठ कोरडा असेल तर तळ्यात पाण्याची भर घालणं थांबवा. पाणी जिथे येऊन थांबेल त्याच रेषेत भोक शोधा. (मासे असतील तर आधी हलवा.) ईपीडीएमवर (रबरी लायनरवर) साधं सिलिकॉन धरत नाही, जागा घासून, पूर्ण वाळवून प्रायमर आणि त्याचीच पट्टी लावा.

आणि रोज नळाचं पाणी ओतू नका. क्लोरीन तर आहेच, शिवाय त्यातल्या क्षारांवर शेवाळ पोसतं. साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम.